उजव्या बटणाखालची ओळ

माझी सून बोलत नाही. मुकी नाहीये हो, पण जिथे माझी शंभर वाक्यं होतात तिथे तिचं एक होतं, आणि तेही बहुतेक वेळा "हं". लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मुलाला विचारलं, "अरे, हिचा आवाज वाढवायचं बटण कुठे आहे?" तर ती आतल्या खोलीतून म्हणाली, "मागच्या बाजूला आहे, आई. मीच बंद करून ठेवलंय." तेव्हाच मी ओळखलं, ही पोरगी वरवर दिसते तेवढी गरीब नाही.

मुलगा बोटीवर इंजिन सांभाळतो. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. तेव्हा घरात आम्ही दोघीच. मी जन्मभर कपडे शिवले. आता नवीन शिवत नाही, नुसतं अल्टर करते. कुणाची कंबर सैल करायची, कुणाच्या बाह्या वर घ्यायच्या. या भागातल्या सगळ्यांच्या पोटाचा इतिहास माझ्या वहीत आहे. एका गृहस्थांची पँट मी इतक्या वेळा सैल केली की शेवटी मूळ कापड फक्त खिशात उरलं होतं. सून म्हणते, असं होऊ शकत नाही. तिला काय माहीत, ती तेव्हा शाळेत होती.

तर सून आहे पाणी खात्यात, नकाशांच्या खोलीत. जमिनीखालून कुठला पाइप कुठून जातो, कुठल्या घराचा नळ कुठे जोडलाय, याचे सगळे कागद त्या खोलीत. तिथे ती हंगामी. अकरा महिने काम करायचं, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवीन म्हणून लागायचं. सहा वर्षं असंच. त्या एका दिवशी ती काय करते सांगू? सगळी कपाटं रिकामी करते आणि होती तशीच परत लावते. तोंडातून चकार शब्द नाही. मी त्या दिवशी मशीनवर पाय जरा जोरात मारते, म्हणजे घरात काहीतरी आवाज होतो.

यंदा वरून हुकूम आला. चार हजार दोनशे नकाशे स्कॅन करून महिनाअखेर मुख्य कचेरीच्या साइटवर चढवायचे. ज्या विभागाचं काम वेळेत होईल, त्यांच्या हंगामी माणसांची नावं कायम करण्यासाठी वर जातील. नाही झालं, तर काम बाहेरच्या कंपनीला आणि खोलीला कुलूप. सुनेने हे मला एका वाक्यात सांगितलं. "आई, या महिन्यात एक तर मी कायम होईन, नाही तर घरी बसेन." आणि भांडी घासायला लागली.

स्कॅन करायचं काम झालं होतं. घोडं अडलं पुढे. स्कॅनरमधून एकेक फाइल निघायची पस्तीस-चाळीस एमबीची, आणि ती साइट दोन एमबीच्या वर काही घ्यायचीच नाही. एमबी म्हणजे नक्की काय ते मला विचारू नका, पण वजनच असणार. कारण पहिली फाइल पाठवली तेव्हा ऑफिसातले दिवे मंद झाले, पंख्यांनी मान टाकली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बसून राहिली. सून म्हणते लिफ्ट आधीपासून बंद होती. असेल.

मग प्रत्येक फाइल हाताने बारीक करायची. ती कशी, ते मला सुनेच्या बोटावरून कळलं. चहा पिताना तिचं बोट कपाच्या कानावर टकटक करत असायचं. मी दोन दिवस मोजलं. दर वेळी चौदा.

"चौदा काय गं हे?"

तिने बोटाकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचं आहे. मग म्हणाली, "एक फाइल लहान करायला चौदा वेळा क्लिक करावं लागतं. उघडायची, दुसऱ्या नावाने साठवायची, दर्जा निवडायचा, जागा निवडायची, नाव टाइप करायचं, हो म्हणायचं, परत हो म्हणायचं, बंद करायची. दिवसभर करतो आम्ही ऑफिसातल्या दोघी, तरी दीडशेच्या वर जात नाही. बारा दिवस राहिलेत आणि फाइली आहेत साडेतीन हजार."

एवढं ती सबंध वर्षात बोलली नव्हती. मी शिलाई थांबवली. साडेतीन हजार भागिले दीडशे, मला तोंडी जमतं. मी काही बोलले नाही. मलासुद्धा कधी कधी जमतं ते.

रविवारी सकाळी पाहते तर बाई मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर. केस वर बांधलेले, ओढणी खुर्चीला, पुढ्यात वही. मी माझं शिवणाचं स्टूल ओढून शेजारी बसले.

"काय चाललंय?"

"उजवं बटण."

"माउसला उजवं बटण असतं?" खरंच सांगते, इतकी वर्षं मला वाटायचं ते शोभेचं आहे, कोटाच्या बाहीवर असतात ना तसं.

तिने एका फाइलवर नेऊन ते दाबलं. बाजूला एक यादी उघडली. उघडा, कापा, नक्कल करा, नाव बदला, पुसून टाका.

"या यादीत आपली एक ओळ घालायची," ती म्हणाली. "ती दाबली की फाइल आपोआप बारीक. चौदाच्या जागी दोन."

"घालता येते आपली ओळ? कुणी रागावत नाही?"

"बघू."

फाइल दाबून लहान करणारा एक प्रोग्राम तिने फुकटात मिळवला होता. पण त्याला तोंडच नव्हतं. ना खिडकी, ना बटण, ना चित्र. त्याला हुकूम लिहून द्यायचा, तोही त्याच्याच भाषेत, एक ठिपका चुकला तर साहेब रुसले. असा एक नोकर आमच्या शिवणाच्या दुकानात होता, त्याला तोंडी सांगितलेलं कळायचं नाही, चिठ्ठी द्यावी लागायची, आणि त्याला वाचताही यायचं नाही. पण ते जाऊ दे.

सून हुकूम लिहायची, ती ओळ यादीत बसवायची, उजवं बटण दाबायची. एक काळी खिडकी डोळा मिचकावल्यासारखी यायची आणि जायची. मग आम्ही दोघी फाइलचं वजन बघायचो.

पहिल्यांदा अडतीसची फाइल झाली एकेचाळीस.

"अगं, ही तर बाळसं धरतेय!" मी म्हटलं.

"हं."

दुसऱ्यांदा झाली इतकी लहान, की उघडली तर पांढरी फटक. माझ्या मते तो नकाशाच होता, बर्फ पडलेल्या गावाचा. सुनेने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा तर काहीच झालं नाही, खिडकी आली, काहीतरी खरडून गेली. सुनेने ती पुन्हा उघडून धरून ठेवली आणि वाचली. फाइलचं नाव होतं 'चौथी गल्ली घर बारा'. आणि तो बिनतोंडाचा प्रोग्राम 'चौथी' नावाची एक फाइल शोधत होता, 'गल्ली' नावाची दुसरी, 'घर' नावाची तिसरी.

"शब्द सुटे पडतायत," सून पुटपुटली.

"मग टाच की त्यांना. दोन्ही टोकांना टाचण्या लाव." मी आपलं कापडाचं बोलत होते.

तिने नावाच्या दोन्ही टोकांना दोन छोट्या खुणा, अवतरणचिन्हं असतात ना तशा, घातल्या आणि ते चाललं! तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की हा प्रोग्राम आम्ही दोघींनी मिळून केला. ती नाही म्हणत नाही. ती "हं" म्हणते.

दुपार कलली तेव्हा अडतीस एमबीची फाइल दीड एमबीची झाली. तिने ती उघडली, मोठी करून पाहिली, कोपरान् कोपरा. अक्षरं जागच्या जागी, पाइप जागच्या जागी. मी टाळ्या वाजवल्या. यादीतल्या ओळीला नाव काय द्यायचं यावर आमची जरा चर्चा झाली. मी म्हटलं, 'सासूबाईंची कृपा' असं लिही. तिने 'बारीक कर' असं लिहिलं.

"झालं ना? चला, ऊठ आता. सकाळपासून पोटात काही नाही."

"एक ओळ राहिली."

"चाललं की सगळं! आता कसली ओळ?"

"मूळ फाइल बाजूला ठेवते मी एका फोल्डरमध्ये. ते झालंय. पण अजून एक आहे."

"अगं, चहा गार झाला. मूळ ठेवलीस ना? मग बास. अती केलं की माती होते. ऊठ!"

मी तिच्या खुर्चीची पाठ धरून ओढायला लागले. ती हलली नाही. मी चिडून आत गेले आणि चहा दोन वेळा गरम केला. ती आली तेव्हा मी तो तिसऱ्यांदा गरम करत होते आणि तो चहा राहिला नव्हता, रंग झाला होता. तिने तो प्यायला. काय लिहिलंस म्हणून मी विचारलं नाही, कारण मी रागावले होते, आणि रागावल्यावर पाच मिनिटं तरी रागावलेलं दिसावं लागतं.

सोमवारी ऑफिसात तिने साहेबांची परवानगी घेतली आणि ती ओळ दोन्ही कॉम्प्युटरवर बसवली. त्या खोलीत आणखी दोघं. एक घाईबाई. खरं नाव वेगळं आहे, पण ती लिफ्टचं बटण इतक्या वेळा दाबते की लिफ्टवाल्याने तिच्या नावाने पाटी लावली होती. दुसरे रेषाकाका. निवृत्तीला चार महिने राहिलेले. जुने नकाशे सगळे त्यांच्या हातचे. निळ्या पेन्सिलीने, केसाएवढ्या रेषांत पाइप काढायचे. असं म्हणतात की त्यांच्या रेषेवर मुंगी चालली तर तिचे तीन पाय बाहेर पडायचे. असं मीच म्हणते.

रेषाकाकांना हे काही रुचलं नाही. "पोरी, बारीक करायचं म्हणजे काहीतरी जाणारच. तुझ्या शिवणवाल्या सासूला विचार, कापड न कापता आखूड होतं का?"

सून म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः बघा." आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पडद्याला भिंग लावून पहिला नकाशा तपासला, दुसरा तपासला, दहावा तपासला, आणि मग कुणालाही काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्या भाषेत ती शाबासकी.

काम सुसाट निघालं. अख्खी गल्ली निवडायची, उजवं बटण, 'बारीक कर', आणि पाणी पिऊन यायचं. तीन दिवसांत दोन हजार. घाईबाईने तर घरी नवऱ्याला सांगितलं म्हणे, की तुमच्यावर पण उजवं बटण दाबून बघायला हवं.

गुरुवारी मी त्या ऑफिसात गेले. साहेबांचा कोट द्यायला. त्यांच्या फाइली बारीक होत होत्या आणि ते मात्र वाढत होते; तीन बोटं सैल करून आणला होता कोट. नकाशांच्या खोलीत पाय टाकला आणि मला वाटलं कुणी गेलं की काय.

साहेब उभे. घाईबाई रडवेली. रेषाकाका पडद्याला नाक लावून. माझी सून खुर्चीत, ताठ.

"मुख्य कचेरीतून फोन आलाय," साहेब मला कशाला सांगतील, पण माझ्या हातात त्यांचा कोट होता म्हणून सांगितलं. "नदीकाठच्या वसाहतीचे तीनशे दहा नकाशे त्यांच्याकडे पोचले. म्हणतात, घरं दिसतायत, पाइप एकही नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच. घरांचे चौकोन होते, रस्ते होते, पण सगळं पावडर फासल्यासारखं. निळं काही नव्हतंच. तीनशे दहा घरं, आणि एकालाही नळ नाही.

"माझ्या रेषा," रेषाकाका म्हणाले. एवढंच.

"तू काय केलंस नेमकं?" सुनेने घाईबाईला विचारलं. आवाज चढवून नव्हे, नेहमीच्याच आवाजात.

"जे तू शिकवलंस तेच! सगळ्या निवडल्या, बारीक कर दाबलं."

"एकदा?"

घाईबाई माउसवरचं बोट चोळायला लागली.

"ताई, एकदा?"

"अगं, काही झाल्यासारखं दिसेना! ती काळी खिडकी येते आणि जाते. मला वाटलं लागलं नाही. म्हणून परत दाबलं."

"किती वेळा?"

"चार... पाच. सहा नाही, देवाशपथ."

बघा आता. एकदा बारीक केलेली फाइल परत बारीक, ती परत बारीक. कपडा पाच वेळा दगडावर आपटला तर नक्षी राहील का? दर वेळी थोडं थोडं घासलं गेलं, आणि सगळ्यात आधी गेली ती केसाएवढी निळी रेष.

"कागदी नकाशे काढा मग," मी म्हटलं. "परत स्कॅन करा. एवढं काय त्यात?"

रेषाकाकांनी रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवलं. शेवटी साहेब म्हणाले, "स्कॅन झालेले कागद मागच्याच आठवड्यात गेले. लगद्याला. तसा नियम आहे." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. माणूस वाईट नाही, पण घाबरला होता. "मॅडम, परवानगी मी दिली, पण युक्ती तुमची. हे तीनशे दहा नकाशे गेले असतील, तर कायम करण्याच्या यादीत तुमचं नाव मी कुठल्या तोंडाने घालू? मला उलट लिहावं लागेल तुमच्याविरुद्ध."

आता इथे मी पुढे झाले. माझ्यासारखी बाई गप्प बसेल? "अहो, मूळ फाइली आहेत की! तिने बाजूला ठेवल्यात. मी होते तिथे. सांग ना गं!"

सुनेचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. हळूच मला म्हणाली, "आई, मला आठवत नाहीये."

"काय आठवत नाहीये?"

"पहिल्यांदा दाबलं तेव्हा मूळ फाइल बाजूला गेली. पण दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा जागेवर होती ती बारीक झालेली. तीही त्याच नावाने बाजूला जाणार. म्हणजे मूळ फाइलच्या डोक्यावर जाऊन बसणार. आणि तसं झालं तर खालची उरत नाही."

मी कोट खुर्चीवर टाकला, तोही उलटा.

"ती शेवटची ओळ त्यासाठीच होती," ती म्हणाली. "बाजूच्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिला हात लावायचा नाही. मी ती लिहायला बसले होते. लिहिली का, ते आठवत नाही. तुम्ही ऊठ म्हणत होतात."

मी ऊठ म्हणत होते! खुर्ची ओढली होती मी! त्या क्षणी मला कुणी उजवं बटण दाबून बारीक केलं असतं तर मी दोन एमबीत मावले असते. सांगते ना, आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण हे वाक्य खरं आहे.

सुनेने माउस हातात घेतला. फोल्डरवर फोल्डर उघडत गेली. घाईबाईने माझा हात धरला, मी साहेबांच्या कोटाची बाही. ती आत गेली, आणखी आत, 'मूळ' नावाच्या फोल्डरपाशी थांबली. उघडला. यादी आली. तीनशे दहा नावं. वजनाचा रकाना उजवीकडे होता, पडद्याच्या बाहेर. तिने सावकाश सरकवला.

छत्तीस. एकोणचाळीस. चौतीस. अडतीस. अडतीस. एकेचाळीस.

खालपर्यंत सगळे आकडे गुटगुटीत.

सुनेने एक फाइल उघडली आणि खुर्चीवरून उठून ती जागा रेषाकाकांना दिली. काका बसले. निळ्या रेषा नदीच्या बाजूने वर येत होत्या, प्रत्येक घरापाशी वळत होत्या, कोपऱ्यात त्यांची सही आणि तारीख. त्यांनी भिंग काढलं, लावलं, आणि पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

"ओळ लिहिली होतीस," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. आणि ओढणी सारखी करत, "तुम्ही चहा गरम करायला गेलात तेव्हा."

आता मी तुम्हाला विचारते. सासूचं ऐकणारी सून असती तर त्या तीनशे दहा घरांचं काय झालं असतं? उद्या कुणी खणलं असतं आणि पाण्याचं कारंजं ढगाला लागलं असतं, विमानं ओली झाली असती. या भागातल्या बायका आपापल्या सुना किती आज्ञाधारक ते सांगत असतात. सांगोत बापड्या. माझी सून माझं ऐकत नाही, आणि त्या दिवशी त्या खोलीत माझी मान इतकी ताठ झाली की साहेबांचा कोट मी त्यांना आहे त्या उंचीवरून घालून दिला. ते माझ्यापेक्षा हातभर उंच आहेत, तरी.

साहेबांनी कोटाचं बटण लावलं. "मॅडम, पण हे पुन्हा होऊ शकतं."

"नाही होणार," सून म्हणाली आणि घाईबाईच्या शेजारी बसली. तिला उठवलं नाही, की तिच्या जागेवरून हुसकलं नाही. दोघींनी मिळून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, एकदा बारीक झालेल्या फाइलला ती ओळ हातच लावणार नाही. दुसरी, काळी खिडकी गुपचूप पळून जायची ना, तिच्या जागी काम संपल्यावर एक पाटी येणार. पाटीवर काय लिहायचं ते सुनेने घाईबाईलाच विचारलं.

घाईबाई नाक पुसत म्हणाली, "लिही, झालंय बाई, बोट काढ."

आणि तेच लिहिलंय. आजही. मुख्य कचेरीने ती ओळ आपल्या सगळ्या विभागांत बसवून घेतली, तेव्हा तिथल्या कुणा शिष्टाने म्हणे विचारलं होतं की पाटीची भाषा जरा बरी करता येईल का. साहेबांनी उत्तर पाठवलं, की चालत असलेलं बदलू नये.

चार हजार दोनशे नकाशे महिना संपायच्या दोन दिवस आधी चढले. मी सगळ्यांना पाच सांगते. शेवटचा नकाशा रेषाकाकांनी स्वतः बारीक केला. त्यांनी जन्मात पहिल्यांदा उजवं बटण दाबलं, पाटी आली, आणि ते खरंच बोट काढून, हात मांडीवर ठेवून बसले.

नावं वर गेली. मग नुसतं थांबणं. त्या दिवसांत सून नेहमीसारखी जायची, नेहमीसारखी यायची. मी दोनदा विचारलं, दोनदा "हं" मिळालं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मशीनवर बसायचे आणि दाराकडे कान ठेवायचे. एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले मी. गिऱ्हाईक म्हणालं, हे काय? मी म्हटलं, उड्या मारत चालायची फॅशन आहे.

मंगळवारी ती दुपारी तीनलाच घरी आली. मी म्हटलं, झालं. काढलं हिला. चप्पल न काढता खुर्चीत बसली आणि पर्समधून एक कागद काढून माझ्या पुढे धरला. मी चष्मा शोधला, तो कपाळावर होता. कागद वाचला. परत वाचला. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला, तारखेपासून शिक्क्यापर्यंत. 'हंगामी' हा शब्द त्यात एकदाच होता आणि त्याच्या आधी 'आजवर' लिहिलं होतं.

"अगं, बोल की काहीतरी!" मी ओरडले.

"साहेबांनी विचारलं, अर्धा दिवस सुटी हवी का. मी हो म्हटलं." तिने मान मागे टाकली. "आई, सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने सुटी घेतली. काय करतात सुटीत?"

"काय करतात म्हणजे? आधी सगळ्यांना सांगतात, मग—"

मी वळून पाहिलं तर ती झोपली होती. चपलांसकट, मान एका बाजूला, पर्स मांडीवर उघडी. मी तिच्या चपला काढल्या. मशीनला हात लावला नाही. कागद घडी न घालता कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात सपाट ठेवला.

तेवढ्यात दारावर थाप. शेजारच्या बाई, हातात नवऱ्याची पँट, तोंडाचा पट्टा चालू. "अहो आजी, ऐकलंत का, कंबर परत—"

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर उभी राहिले.

"हळू बोला," मी म्हटलं. "आत कायम कर्मचारी झोपल्यात."